ऊर्जामंत्र्यांना खुलं पत्र: पाहुण्यांसाठी चार्जर लावू की नको, लेखी सांगा

प्रति,
मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई ४०० ०३२

विषय: होमस्टेवरचा इलेक्ट्रिक गाड्यांचा चार्जर, रखडलेली थ्री फेज जोडणी आणि आमच्या वाडीची डीपी (ट्रान्सफॉर्मर)

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मंगळवारी दुपारी वीज कार्यालयाचा मेसेज आला. थ्री फेजसाठी केलेला माझा अर्ज ‘ग्राहक जागेवर उपलब्ध नाही’ या कारणाने बंद केला आहे. त्या दिवशी आमच्या खळ्यात भात झोडायला माणसं लावली होती. मी होते, सासूबाई होत्या, शेजारची दोन घरं मदतीला होती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत कार्यालयाचा एकही माणूस वाडीत फिरकला नाही. जोडणीच्या खर्चाचं कोटेशन मी पावसाळ्याच्या आधी भरलंय. पावती माझ्याकडे आहे.

दापोली तालुक्यात किनाऱ्यालगत आमचा चार खोल्यांचा होमस्टे आहे. कर्ज काढून बांधला, हप्ते अजून चालू आहेत. दोनेक वर्षांपूर्वी फोनवर पाहुणे विचारायचे, समुद्र किती लांब, मासे मिळतील का, मोदक कराल का. आता पहिला प्रश्न असतो, ‘चार्जिंग आहे का?’ दिवाळीच्या सुट्टीसाठी पुण्याच्या एका कुटुंबाने तीन खोल्या घेतल्या होत्या. चार्जर नाही म्हटल्यावर त्यांनी बुकिंग रद्द केलं. त्यांचं काही चुकलं नाही. येताना ताम्हिणी उतरताना बॅटरी थोडी भरते, पण परतताना तोच घाट चढायचा असतो. लहान मुलं गाडीत असताना अर्ध्या बॅटरीवर कोण निघेल?

‘साधा पंधरा अँपिअरचा प्लग द्या ना’ असं पुष्कळ जण म्हणतात. मे महिन्यात दिला होता. गाडीने लाल दिवा दाखवला, अर्थिंग नाही म्हणून चार्जिंगच घेईना. आमची जमीन जांभ्याची. उन्हाळ्यात जांभा कोरडा पडला की अर्थिंग लागत नाही. कोळसा-मीठ घालून नवा खड्डा केला, रोज बादलीभर पाणी ओतलं, तेव्हा कुठे गाडीने वीज घेतली. रात्री दहाच्या सुमारास चार खोल्यांचे एसी चालू झाले, व्होल्टेज १७०वर आलं आणि बोर्ड जळाला. शेजारच्या दोन घरांचीही लाईट गेली. त्यातल्या एका घरात म्हातारं माणूस आजारी होतं. त्या रात्री मला जे ऐकावं लागलं ते मी इथे लिहीत नाही, पण ते बोलणाऱ्यांचा मला राग नाही. ते बरोबरच होते.

त्यानंतर ठरवलं की करायचं तर नीट करायचं. भिंतीवरचा सात किलोवॅटचा चार्जर, स्वतंत्र केबल, चांगलं अर्थिंग, वेगळा एमसीबी (जास्त वीज ओढली की आपोआप बंद होणारा स्विच). सगळं मिळून सत्तर हजारांच्या घरात खर्च सांगितलाय. पैसे मी उभे करीन. पण आमचा मंजूर लोड तीन किलोवॅटचा, तोही सिंगल फेजवर. थ्री फेज मिळाल्याशिवाय तो चार्जर म्हणजे भिंतीवरचा डबा.

दुसरा प्रश्न दराचा. एक गाडी रात्रभरात तीसेक युनिट सहज घेते. घरगुती दरात ३०० युनिटांच्या वर गेलं की पुढचा स्लॅब लागतो. सुट्ट्यांच्या महिन्यात पाच-सहा गाड्यांची बरीचशी युनिटं वरच्या दरात जातील. पाहुण्याकडून युनिटमागे पैसे घेऊ का? चार्जिंग ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे, त्याला परवाना लागत नाही, हे केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केलं. तरी आमच्या कार्यालयात एक साहेब म्हणाले, पैसे घेतलेत तर व्यापारी दर लावू. दुसरे म्हणाले, चार्जिंग स्टेशनचं वेगळं मीटर घ्या. तिसरे म्हणाले, मॅडम, गुपचूप लावा, कोण बघतंय. स्वतःच्या आवारात स्वतःची गाडी चार्ज केली तर त्या जागेचाच दर लागतो, एवढं मला कळलं. पाहुण्याच्या गाडीचं काय, हे एकानेही कागदावर लिहून दिलं नाही. उद्या भरारी पथक आलं तर दंड मी भरायचा, आणि गुपचूप लावा म्हणणारे साहेब तोवर बदली होऊन गेलेले असणार.

आता कायद्याचं. वीज ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती झाली. ग्रामीण भागात नवी जोडणी किंवा जोडणीतला बदल १५ दिवसांत, डोंगराळ भागात फार तर ३० दिवसांत. मागितली तर इलेक्ट्रिक गाडीसाठी वेगळी जोडणीही द्यायची. हे नियम मी छापून कार्यालयात नेले. त्यांनी कागद उलटासुलटा करून पाहिला आणि सांगितलं, ‘डीपीवर लोड नाही.’ म्हणजे तिच्यात आणखी वीज द्यायची ताकद नाही. मग डीपी बदलायची कुणी? ती माझ्या अंगणात आहे का? लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून तीच डीपी पाहतेय. तेव्हा गावात एसी नव्हते, होमस्टे नव्हते. आज प्रत्येक वाडीत आहेत, कारण सरकारनेच सांगितलं पर्यटन करा, मुलांना मुंबईला पाठवू नका.

तुम्ही मंत्रालयात बसून धोरणं आखता. २०२१ च्या धोरणात चार महामार्ग चार्जिंगसाठी सज्ज करायचे ठरले: मुंबई-पुणे, मुंबई-नाशिक, नाशिक-पुणे, मुंबई-नागपूर. मुंबई-गोवा त्यात नव्हता. २०२५ च्या धोरणात अटल सेतूवर, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर, समृद्धीवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोल माफ झाला आणि राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची भाषा आली. चांगलं आहे. पण अटल सेतू उतरून ती गाडी पुढे येते कुठे? आमच्याकडे. महामार्ग सोडल्यानंतरच्या किनाऱ्याचा विचार त्या धोरणात कुठे आहे? आणि आमच्या मुंबई-गोवा महामार्गाचं तरी काय सांगायचं? चौपदरीकरण २०११ पासून चाललंय. तेव्हा बालवाडीत गेलेलं मूल आता बारावी होऊन गेलं.

सगळ्यात जास्त हे लागतं की वीज आमच्याच जिल्ह्यात होते. कोयनेचं पाणी सह्याद्री फोडून चिपळूण तालुक्यात पोफळीला आणलं, त्या साऱ्या प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट. गुहागरच्या अंजनवेलला दाभोळचा प्रकल्प उभा केला. रत्नागिरी तालुक्यात जयगडला कोळशाचा. राजापूरला जैतापुरात ९,९०० मेगावॅटचा अणुप्रकल्प आणायचा म्हणून लोकांच्या जमिनी घेतल्या. जमीन कोकणाने द्यायची, समुद्र कोकणाने द्यायचा, आणि त्याच जिल्ह्यातल्या बाईने सात किलोवॅट मागितले तर डीपीवर लोड नाही! हे उत्तर तुम्ही पुण्या-मुंबईच्या एखाद्या सोसायटीला देऊन दाखवा.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. आमची सुपारीची बाग आडवी झाली, खांब शेतात पडले, कित्येक आठवडे आम्ही अंधारात काढले. सासऱ्यांनी लावलेल्या माडांतले दोनच उरले. तेव्हा पाहणीला पुढारी आले, किनाऱ्यावर तारा जमिनीखालून नेऊ म्हणाले. आमच्या वाडीत वादळानंतर घाईने उभे केलेले खांब अजून तसेच आहेत, एक तर रस्त्याकडे कललाय. खाऱ्या वाऱ्याने जंपर (खांबावरचे तारा जोडणारे तुकडे) गंजतात आणि पावसाच्या पहिल्या सरीला लाईट जाते. वायरमनला दोष देत नाही. एवढ्या गावांना तो एकटा आहे, भर पावसात खांबावर तोच चढतो. जागा रिकाम्या ठेवणारे वेगळे आहेत.

चार्जर लावायचा की नाही हा खरं तर माझ्या घरातला निर्णय. नवरा म्हणतो थांब, मी म्हणते लावू. पण आम्ही दोघांनी काहीही ठरवलं तरी उपयोग नाही, अशी वेळ तुमच्या खात्याने आणली आहे. जेवणाची चव आणि स्वच्छ खोल्या यांच्या जोरावर जमवलेले पाहुणे आता आमच्या हातून जातायत, आणि ज्यांच्याकडे स्वतःचं रोहित्र बसवण्याइतका पैसा आहे अशा मोठ्या रिसॉर्टकडे वळतायत.

माझा बंद केलेला अर्ज पुन्हा उघडा, आणि मी घरात नव्हते असं ज्याने लिहिलं त्याच्याकडून खुलासा घ्या. वाडीची डीपी वाढवायचं काम कोणत्या महिन्यात होणार ते कळवा. होमस्टेत पाहुण्यांची गाडी चार्ज केली तर कोणता दर लागेल, पैसे घेतले तर काय आणि न घेतले तर काय, याचं परिपत्रक काढून प्रत्येक शाखा कार्यालयात लावा. हे फक्त माझ्यासाठी मागत नाही, या किनाऱ्यावर माझ्यासारखी घरं गावागावांत आहेत.

नाताळची बुकिंगं सुरू झाली आहेत. चार्जिंग आहे का, असं विचारणाऱ्यांना मी अजून उत्तर दिलेलं नाही. तुमचं लेखी उत्तर आलं की त्यांना कळवीन.

आपली,
दापोली तालुक्यातील एक होमस्टे चालक