ज्याचा माल, त्यानेच लिहावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

छोट्या उद्योगांनी ऑनलाइन यावे, स्वतःचे संकेतस्थळ काढावे, त्यावर ब्लॉग लिहावा, असा आग्रह सध्या गोव्यात सगळीकडून होतो आहे. आपल्या दैनिकातही त्याविषयी वेळोवेळी छापून येते. आग्रह योग्यच आहे. पण त्या ब्लॉगवर लिहायचे काय, हे कोणी सांगत नाही, आणि त्यापायी घरगुती उद्योग करणाऱ्यांचे कष्टाचे पैसे वाया जाताना मी पाहते आहे. म्हणून हे पत्र.

आमचे फोंडा तालुक्यात सावईवेरे येथे कुळागर, म्हणजे घरची मिश्र बागायत, आहे. सुपारी, मिरी, जायफळ, केळी, अननस असे नेहमीचे सगळे आहे. पण विक्रीचा मुख्य माल भिरंडांचा, म्हणजे कोकमांचा. सोलां (वाळवलेल्या साली), आगळ (खारवलेला रस) आणि थोडे भिरंडेल तेल (बियांचे). यजमान आणि जाऊबाई माल करतात. गिऱ्हाइकांशी बोलणे, पार्सले आणि संकेतस्थळावरचे लिखाण माझ्याकडे.

आमच्या ओळखीच्या एका महिला गटाने अलीकडे संकेतस्थळ करून घेतले. लेखही करून देणाऱ्यानेच पुरवले, त्याचे वेगळे पैसे घेऊन. त्यातला ‘कोकमचे दहा आश्चर्यकारक फायदे’ हा लेख मी वाचला. वजन झपाट्याने उतरते, साखर आटोक्यात येते, हृदयविकार दूर राहतो, असे एकामागून एक दावे. सोबत फळाचा फोटो होता, तो पिवळट हिरव्या, भोपळ्यासारख्या फाका असलेल्या फळाचा. आमच्याकडचे शेंबडे पोरही सांगेल की हे भिरंड नव्हे. भिरंड गोल, गुळगुळीत आणि पिकल्यावर गर्द लाल. फोटोतले फळ होते गार्सिनिया गुम्मी-गुट्टा, म्हणजे ज्याच्या अर्काच्या वजन घटवण्याच्या गोळ्या जगभर विकल्या जातात ते. आपले कोकम म्हणजे गार्सिनिया इंडिका. कूळ एक, झाडे वेगळी. एकाचे दावे उचलून दुसऱ्याच्या नावावर टाकले, आणि लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता, कारण त्याने दोन्हींपैकी एकही फळ कधी हातात धरले नसावे.

ह्यात नुकसान त्या बायकांचे आहे. अन्नपदार्थांच्या जाहिरातींतील दाव्यांबद्दल केंद्राचे २०१८ चे नियम आहेत. रोग बरा होतो, टळतो असे खाद्यपदार्थाच्या नावाने सांगता येत नाही. लेख कोणीही लिहिलेला असो, खाली नाव गटाचे आणि चौदा आकडी अन्न परवाना क्रमांकही गटाचाच. उद्या कोणी विचारले तर उत्तर त्यांनाच द्यावे लागणार. शिवाय असा लेख वाचून सोलां घ्यायला कोण येणार? दहा फायदे सांगणारे लेख हजारो आहेत. आपला त्यातच जाऊन पडतो.

मग लिहायचे काय? माझे उत्तर एकच आहे : गिऱ्हाईक जे विचारते ते. माझ्या फोनशेजारी एक वही असते. प्रश्न आला की विचारणाऱ्याच्याच शब्दांत मी तो वहीत उतरवते. तोच प्रश्न तिसऱ्या माणसाने विचारला की त्यावर लेख लिहायचा, आणि शीर्षकही तोच प्रश्न.

‘सोलांवर पांढरे आले आहे, माल खराब झाला का?’ हा प्रश्न पावसाळ्यात पुण्या-मुंबईहून हटकून येतो. त्याचे उत्तर देण्यासाठी सोलां कशी होतात ते सांगावे लागते. एप्रिल-मेमध्ये फळे काढायची, फोडून साल वेगळी करायची, गर आणि बियांना मीठ लावून रस सुटू द्यायचा. साली त्या रसात भिजवायच्या, उन्हात घालायच्या, पुन्हा रसात, पुन्हा उन्हात, असे दिवसच्या दिवस. साल रस आणि मीठ पिऊन काळपट, मऊ होईपर्यंत. त्यातले मीठ पुढे कधी कधी वर येऊन बसते आणि पांढरे दिसते. ते कणीदार असते, पाण्यात विरघळते, जिभेला खारट लागते. बुरशी कापसासारखी लवदार असते आणि कुबट वास मारते. पहिले सोल निर्धास्त वापरा, दुसरे टाकून द्या. एवढाच मजकूर, आणि दोन्ही प्रकारच्या सोलांचे शेजारी शेजारी ठेवून फोनवर काढलेले फोटो. बुरशीचे सोल मुद्दाम फोटोसाठी ठेवले होते. जाऊबाईंना ते पटले नव्हते. आपल्या दुकानाच्या पानावर आपणच बुरशी कशाला दाखवायची, असे त्यांचे म्हणणे. पण आमच्या सगळ्या लिखाणात हाच लेख सर्वांत जास्त वाचला जातो, आणि तो वाचून फोन करणारे माणूस घासाघीस करत नाही. खराब माल कसा ओळखायचा हे जो सांगतो तो खराब माल पाठवणार नाही, असे लोक धरून चालतात.

दुसरा नेहमीचा प्रश्न आगळाचा. ‘थंड पाण्यात घालून प्यायलो, तोंडात घेववेना, इतके खारट.’ शहरात वाढलेल्यांना सरबताचा साखर घातलेला पाक ठाऊक असतो, आगळ ठाऊक नसते. आगळ म्हणजे मीठ घालून टिकवलेला नुसता रस. ते सोलकढीला आणि हुमणाला, म्हणजे माशांच्या कालवणाला. म्हणून आम्ही लिहिले : एका नारळाच्या रसात आधी दोन चमचे आगळ घाला, चव बघा, मग वाढवा, आणि मीठ अगदी शेवटी, कारण आगळात ते आधीच आहे. बांगड्याच्या हुमणात तिरफळांबरोबर सोलां कधी घालायची, तेही त्याच लेखात आले. ‘तुमची सोलां काळी का, दुकानातली लाल होती?’ ह्यावरही एक लेख आहे. सोल जसे जुने होते तसे काळवंडते, आणि जुन्या सोलाची आमटी वाईट होत नाही, हे आमच्या घरात कोणाला सांगावे लागत नाही. बाहेर सांगावे लागते.

घरात सगळ्यांना ठाऊक असते म्हणून जे आपण कधी बोलत नाही, त्याचीच बाहेर गरज असते. छोट्या उद्योगाने लिहिण्याजोगे असे खूप असते, आणि ते फक्त त्याच्यापाशीच असते. दूधसागर धबधब्याजवळच्या कुळे गावात पाहुण्यांसाठी दोन खोल्या ठेवणाऱ्याने ‘निसर्गरम्य गोवा’ असे लिहून काहीच होत नाही. पावसाळ्यात दूधसागरच्या जीपगाड्या बंद असतात, साधारण ऑक्टोबरात सुरू होतात, ह्या आठवड्यात वाट कशी आहे, रेल्वेने उतरल्यावर खोलीपर्यंत कसे यायचे, हे त्याने तारीख घालून लिहावे. काणकोणात खोला गावच्या नावाने ओळखली जाणारी खोल्याची मिरची लावणाऱ्याने ती डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर कशी होते ते लिहावे, आणि भौगोलिक मानांकन मिळालेली ही मिरची बाजारात दुसऱ्या मिरचीपासून ओळखायची कशी, तेही सांगावे. डिचोलीच्या कुंभाराने मातीचे नवे भांडे चुलीवर चढवण्याआधी काय करायचे ते लिहावे. तडा गेल्याची तक्रार घेऊन लोक त्याच्याचकडे येतात ना.

खरी किंमतही लिहावी. ‘भावासाठी संपर्क साधा’ हे मला मुळीच पटत नाही. ज्याला भाव विचारायला संकोच वाटतो तो विचारत नाही, तो निघून जातो. टपालखर्च किती, काचेची बाटली पाठवतो की नाही, वाटेत गळली तर काय, हे सगळे उघड लिहून टाकावे.

आता गूगलबद्दल थोडे, कारण तिथेच सगळे घाबरतात आणि तिथेच पैसे मोजतात. गूगलच्या शोधात वर येण्यासाठी विशिष्ट शब्दसंख्या लागते असे सांगितले जाते. अशी कोणतीही पसंतीची शब्दसंख्या नाही, हे गूगलने स्वतः स्पष्ट केले आहे. पानाच्या मागे लपवून शब्दांची यादी भरण्याचेही पैसे घेतले जातात. ती यादी क्रम लावताना आपण विचारातच घेत नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले. ‘बेस्ट कोकम गोवा’ हे शब्द प्रत्येक वाक्यात कोंबले तर फायदा दूरच, तो त्यांच्या नियमांचा भंग ठरतो. लिखाण तपासणाऱ्या माणसांसाठी गूगलची जी मार्गदर्शिका आहे तिच्यात डिसेंबर २०२२ मध्ये एक निकष वाढवला गेला : लिहिणाऱ्याला त्या गोष्टीचा स्वतःचा अनुभव आहे का? कुळागरातल्या माणसाकडे दुसरे काही नसेल, अनुभव आहे. त्याने लेखाखाली आपले नाव, गाव आणि हे काम आपण स्वतः करतो एवढे लिहावे.

गूगल सर्च कन्सोल नावाची सोय फुकट मिळते. लोकांनी काय टंकल्यावर आपले पान त्यांच्यासमोर आले, ते तिथे दिसते. माझ्या वहीत नसलेले प्रश्न मला तिथे सापडतात. भिरंडेल तेल थिजलेले असते ते बिघडले म्हणून का, हा त्यातलाच एक. भेगाळलेल्या टाचांना ते पिढ्यान्‌पिढ्या लावले जाते, पण घट्ट गोळा हातात आल्यावर परगावचा माणूस गोंधळतो.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. मजकूर युनिकोडमध्येच असावा. छपाईच्या जुन्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर संकेतस्थळावर टाकला की अक्षरांचा चिवडा होतो आणि शोधात तो सापडत नाही. फोनवर आपण रोज टंकतो ते युनिकोडच असते, तेच पुरे. आणि मजकुराचा रंगीत पोस्टर करून तेवढेच चित्र चढवू नये. वाचून दाखवणाऱ्या फोनवर अवलंबून असलेल्या अंध माणसाला त्यातले नीट ऐकू येईलच असे नाही, आणि शोधातही अशा मजकुराचा भरवसा नसतो.

वेळेचेही भान हवे. गणेश चवथीला गणपतीच्या वर टांगलेल्या माटोळीत काय काय बांधतात हे गोव्याबाहेर गेलेल्या कुटुंबांतली मुले दरवर्षी विचारतात. सुपारीचा कातरो, तोरंजन, कवंडळ, आंबाडे, चिबूड, निरफणस... आमच्या कुळागरात ह्यातले बरेच मिळते, आणि कोणती वस्तू दुसरीच्या जागी चालते तेही सासूबाईंना ठाऊक आहे. त्यांना विचारून लिहिलेला तो लेख मी श्रावण लागण्याआधीच वर घेते. चवथीच्या आदल्या दिवशी लिहिलेले चवथीला कोणाच्या उपयोगी पडत नाही. गूगललाही नवे पान शोधून काढायला अवधी लागतो. तसेच सोलांचे : पहिला पाऊस लवकर आला आणि वाळवण भिजले तर त्या वर्षी माल कमी, हे जूनमध्येच सांगून टाकावे. गिऱ्हाईक समजून घेते.

आता कृत्रिम बुद्धीच्या यंत्राकडून लेख लिहून घेण्याची टूम आली आहे. क्षणात गुळगुळीत लेख तयार होतो. शुद्धलेखन तपासायला, इंग्रजी मसुदा करायला त्याची मदत होते, माझी हरकत नाही. पण यंदा आमच्या अंगणात ऊन किती पडले हे त्याला कुठून कळणार? मार्च २०२४ पासून गूगलच्या नियमांत हे स्पष्ट आहे की, केवळ शोधात वर यावे म्हणून घाऊक प्रमाणात तयार केलेला निरुपयोगी मजकूर, मग तो यंत्राने केलेला असो वा माणसाने, शोधातून खाली ढकलला किंवा काढला जाऊ शकतो. पैसे देऊन महिन्याला तीस लेख घेणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. त्यापेक्षा महिन्याला एक लिहा, आपला लिहा.

संकेतस्थळाचे प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांना आणि खात्यांना माझी विनंती आहे. वर्गात येणाऱ्या प्रत्येक बाईला गिऱ्हाइकांनी विचारलेले तीन प्रश्न घरून लिहून आणायला सांगा, आणि त्यातल्या एकाचे उत्तर तिच्याकडून तिथेच लिहून घ्या, मराठीत किंवा कोकणीत, ती बोलते तसे. लॉगिन आणि पासवर्ड मागाहून शिकवता येईल. आणि संपादक महोदय, आपल्या रविवारच्या पुरवणीत अशा एखाद्या लेखाला जागा द्यावी. कोणाच्या मालाची जाहिरात नको, भाव नको, फोन क्रमांक नको, नुसती माहिती. पहिला लेख सोलांवरच्या पांढऱ्या मिठाचा, फोटोंसह, मी पाठवायला तयार आहे.

आपली नम्र,
एक कुळागरवाली
सावईवेरे, फोंडा