फुटबॉलची प्रश्नमंजुषा: आधी प्रश्न नेमका करा

मा. संपादक,
स. न.

मोठी फायनल झाली की पुढच्या एक-दोन रविवारी गोव्यात कुठे क्लबात, कुठे पंचायतीच्या सभागृहात कुटुंबांसाठी फुटबॉलची प्रश्नमंजुषा ठेवतात. उपक्रम फार चांगला आहे. आजोबांना गोलरक्षक ब्रह्मानंद संखवाळकर आठवतात आणि नातीला ब्रायसन फर्नांडिस. ही दोघं एका संघात बसून खेळतील असे खेळ फार नाहीत. पण चौथ्या-पाचव्या प्रश्नाला वाद पेटतो, आणि चूक बहुतेकदा उत्तर देणाऱ्याची नसते. प्रश्नच सैल असतो.

आपल्याकडचा हमखास प्रश्न घ्या: गोवा संतोष करंडक (राज्यांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा) किती वेळा जिंकला? उत्तर पाच. पण १९८२-८३ चं विजेतेपद बंगालबरोबर विभागून होतं. एकट्याने जिंकलेली वर्षं १९८३-८४, १९८९-९०, २००५-०६ आणि २००८-०९. ‘संयुक्त विजेतेपद धरून’ हे तीन शब्द प्रश्नात घातले की भांडण उरत नाही. आपल्या धेंपो क्लबचंही तसंच. हा क्लब पाच वेळा राष्ट्रीय विजेता झाला. त्यातली दोन विजेतेपदं, २००४-०५ आणि २००६-०७ ची, नॅशनल फुटबॉल लीगची आणि पुढची तीन तिच्या जागी आलेल्या आय-लीगची. ‘धेंपोने आय-लीग किती वेळा जिंकली?’ याला पाच लिहिणारा संघ चुकलाच, पण सूत्रधाराच्या कागदावरही पाचच असतील तर तीन लिहिणाऱ्यावर अन्याय होतो. राष्ट्रीय लीग जिंकणारा पहिला गोमंतकीय क्लब मात्र साळगावकर, १९९८-९९ मध्ये. इथे घोळ नाही, म्हणून हा प्रश्न सलामीला उत्तम.

एफसी गोवाबद्दल विचारताना जास्त सांभाळावं लागतं. २०१९-२० मध्ये आयएसएलच्या (इंडियन सुपर लीगच्या) साखळीत गोवा पहिला आला, त्याबद्दलची लीग शील्ड मिळाली आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान मिळाला. त्याच मोसमाची फायनल मात्र एटीके आणि चेन्नईयिन यांच्यात झाली, फातोर्ड्यातच, करोनामुळे रिकाम्या स्टेडियममध्ये. त्यामुळे ‘२०१९-२० चा विजेता कोण?’ असं मोघम विचारूच नये. शील्ड की करंडक, ते लिहावं. जुने छापील प्रश्नसंचही तपासल्याशिवाय वापरू नयेत. २०२४-२५ च्या आय-लीगचा करंडक आधी चर्चिल ब्रदर्सला दिला गेला आणि नंतर क्रीडा लवादाच्या निकालाने विजेतेपद इंटर काशीकडे गेलं. अशा प्रश्नावर ‘अमुक तारखेपर्यंत’ असा शेरा हवाच.

बरोबरी सुटली नाही तर घेतात त्या पेनल्टी शूटआउटवर सगळ्यात जास्त आवाज चढतात. शूटआउटमधले गोल सामन्याच्या धावफलकात येत नाहीत, खेळाडूच्या खात्यातही जात नाहीत. २०२२ ची विश्वचषक फायनल ३-३ अशी बरोबरीत संपली, अर्जेंटिना शूटआउटमध्ये ४-२ ने जिंकला. एम्बापेने त्या रात्री चार वेळा चेंडू जाळ्यात मारला, गोल तीनच. मेस्सीने तीन वेळा मारला, गोल दोन. ‘शूटआउट वगळून’ हे प्रश्नात आलंच पाहिजे. मुरलेल्या संघांसाठी एक सुंदर प्रश्न आहे: २०२२ पर्यंत विश्वचषक स्पर्धा २२ झाल्या, मग फायनल किती? २१. १९५० मध्ये फायनल ठेवलीच नव्हती, चार संघांची शेवटची साखळी होती. तिच्या अखेरच्या सामन्यात ब्राझीलला नुसती बरोबरी पुरली असती, पण उरुग्वे २-१ ने जिंकला.

आता संघांविषयी. चौघांचा संघ करावा, त्यात एक जण साठीच्या पुढचा आणि एक बारा वर्षांखालचा हवा. प्रश्न २४ पुरतात: आठ राष्ट्रीय लीग सुरू होण्यापूर्वीचे, म्हणजे १९९६ च्या आधीचे, आठ तिथपासून २०१४ ला आयएसएल येईपर्यंतचे, आठ त्यानंतरचे. अशी वाटणी नसेल तर सगळी उत्तरं घरातला एकच पोरगा देतो आणि बाकीचे मोबाइल काढतात. आसगावात जन्मलेले नेव्हिल डिसोझा, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धची त्यांची हॅट्ट्रिक, ऑलिंपिकमधली आशियाई खेळाडूची पहिली; हे मुलांना घरच्या वडीलधाऱ्यांकडून कळावं, पडद्यावरून नव्हे. प्रत्येक टप्प्यात एक प्रश्न फक्त छोट्यांचा ठेवावा. मोठ्यांनी ओठ हलवले तर गुण नाही. निकाल पाठ नसणाऱ्यांसाठी नियमांचे दोन-तीन प्रश्न घालावेत. थ्रो-इन थेट प्रतिस्पर्ध्याच्या गोलात गेला तर? गोल नाही, गोलकिक. स्वतःच्याच गोलात गेला तर कॉर्नर. यावर घराघरांत चर्चा रंगते.

उत्तर कागदावरच घ्यावं. प्रश्न दोनदा वाचावा, मग ३० सेकंद. प्रत्येक सहा प्रश्नांनंतर कागद शेजारच्या संघाला तपासायला द्यावेत. पत्र्याच्या छपराखाली लाउडस्पीकरचा आवाज घुमतो आणि परदेशी नावं कळत नाहीत, म्हणून प्रश्नातली नावं फळ्यावर लिहावीत. उत्तर देवनागरीत असो वा रोमीत, स्पेलिंग कसंही असो, नाव ओळखता आलं की गुण द्यावेत. नुसतं आडनाव मात्र चालवू नये: ब्रँडन, सेरिटन, रोमिओ, ब्रायसन, सगळे फर्नांडिस आणि सगळे एफसी गोवाकडून खेळलेले!

२०१५ ची आयएसएलची फातोर्ड्यातली फायनल विचारायची तर मध्येच कुठेतरी विचारावी, शेवटी नको. ८७ व्या मिनिटाला गोवा २-१ ने पुढे गेला, ९० व्या मिनिटाला गोलरक्षक कट्टीमनीच्या नावावर स्वयंगोल लागला, भरपाई वेळेत चेन्नईयिनच्या मेंडोझाने तिसरा गोल केला आणि गोवा हरला. प्रश्न कसदार आहे, पण त्यावर संध्याकाळ संपली तर पोरं हिरमुसून घरी जातात.

गुण समान झाले तर जवळच्या आकड्याचा प्रश्न. प्रेक्षकसंख्या विचारू नये, ती प्रत्येक ठिकाणी वेगळी छापलेली असते. कतार विश्वचषकातले एकूण गोल विचारावेत: ६४ सामने, १७२ गोल, शूटआउट वगळून.

आपल्याकडे एक मागणी आहे. फायनलच्या दुसऱ्या दिवशी क्रीडा पानावर एक छोटी चौकट द्यावी: निर्धारित वेळेचा, जादा वेळेचा आणि शूटआउटचा स्कोअर वेगवेगळा, गोल करणाऱ्यांची पूर्ण नावं आणि मिनिटं, स्वयंगोल असल्यास तसा उल्लेख, आणि त्या संघाचं हे कितवं विजेतेपद. संयोजक ते कात्रण थेट वापरू शकतील.

आपला,
एक प्रश्नसंयोजक, म्हापसा