काहीच बिघडलं नाही, त्याबद्दल आभार

आमच्या कारखान्याचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या सर्व मंडळींना,
सप्रेम नमस्कार.

बंद पडलेलं चालू करून देणाऱ्याचे आभार लगेच मानले जातात. बंद पडूच न देणाऱ्याचं नावही कोणाला आठवत नाही, म्हणून हे पत्र.

तुमच्याआधी आमच्याकडे फोन केला की येणारा एक माणूस होता. हुशार आणि सज्जन. पण त्याचं बिल आमच्या बिघाडावर निघायचं. तुम्हाला महिन्याची रक्कम ठरलेली, त्यामुळे आमचं जितकं कमी अडेल तितकी तुमचीच धावपळ कमी. ‘काही बिघडलेलंच नाही, तर पैसे कशाचे?’ असं आमचे शेठ बरेच दिवस विचारायचे. आता विचारत नाहीत.

भोसरीत नुसती मशिनं चालून भागत नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असणाऱ्यांना ई-इन्व्हॉइस सक्तीचं झालं. आयआरएन, म्हणजे सरकारी पोर्टलवरून ऑनलाइन मिळणारा बिलाचा नंबर, नसेल तर ते बिल कायद्यानं बिलच धरत नाहीत. माल तयार, टेम्पो भरलेला आणि ऑफिसचं नेट गेलेलं, ही वेळ तुम्ही दुसरी लाइन जोडून टाळलीत.

खरे आभार बॅकअपचे. ‘रोज घेतोय’ असं सगळेच सांगतात. तुम्ही दर तिमाहीला टॅलीचा डेटा दुसऱ्याच कॉम्प्युटरवर उतरवता, मला समोर बसवता आणि मी म्हणेन ते लेजर उघडून दाखवता. बाकी जुळली की मगच माझी सही. रॅन्समवेअर, म्हणजे फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, शिरलं तर जोडून ठेवलेल्या हार्ड डिस्कलाही कुलूप लागतं, म्हणून एक प्रत कायम नेटवर्कबाहेर. अपडेटवरून आम्ही कुरकुर केली तेव्हा तुम्ही वॉनाक्राय या रॅन्समवेअरची गोष्ट सांगितलीत: मायक्रोसॉफ्टनं दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच दिली होती, हल्ला झाला मे महिन्यात. त्यानंतर कोणी कुरकुरलं नाही. निदान मोठ्यानं तरी नाही.

आणि तो सीएमएमचा, म्हणजे तयार भागांची मापं तपासणाऱ्या मशिनचा, जुना कॉम्प्युटर! त्याचं सॉफ्टवेअर विंडोज ७ सोडून कशावर चालत नाही आणि विंडोज ७ चे अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले. दुसऱ्या कोणी अख्खा नवा संच गळ्यात मारला असता. तुम्ही त्याचं इंटरनेट तोडलंत, त्याला नेटवर्कमध्ये वेगळा कप्पा दिलात, यूएसबी बंद केलेत आणि इन्स्पेक्शन रिपोर्ट बाहेर काढायला एकच वाट ठेवलीत. तपासणी आजही त्याच्यावरच होते.

सगळं एकाच्या हाती दिलं की आपण त्याच्या मुठीत जातो, ही धास्ती मला होती. तुम्ही अ‍ॅडमिन पासवर्ड, लायसन्सची यादी आणि नेटवर्कचा नकाशा पाकिटात बंद करून शेठच्या तिजोरीत ठेवायला दिलात. उद्या दुसऱ्याकडे जायचं ठरलं तर अडवणूक नको, हे तुम्ही स्वतःहून म्हणालात. विश्वास तिथे बसला.

लॉगिन करताना मोबाईलवर येणाऱ्या त्या कोडचे मात्र आभार मानणार नाही. गरजेचा असेल, पण वैताग तो वैतागच.

करार पुढच्या वर्षासाठी वाढवलाय, तोही शेठनी घासाघीस न करता. दिवाळीचा फराळ पाठवतोय. रात्री स्क्रीनसमोर बसणाऱ्या मुलांचा वाटा आधी काढून ठेवा.

आपली,
अकाउंट्स विभागातली ताई