हडसन कॅनियनवरची रात्र

एडिसन, न्यू जर्सी
सप्टेंबर

प्रिय दिगू,

फोटो बघून तू लिहिलंस, "मासा कसला तो सांग, आणि नीट सांग." नीट सांगायचं तर मेसेजमध्ये मावणार नाही, म्हणून पत्र लिहायला बसलो. शिवाय हे सगळं ज्याला सांगावं असा माणूस इथे नाही. ऑफिसमधल्यांना मासा केवढा होता एवढंच हवं असतं. पाण्याचा रंग कधी बदलला, वारा कुठून होता, हे विचारणारा तूच.

तर मासा आपला कुपाच. पण देवगडला किनाऱ्याजवळ जाळ्यात येतो तो छोट्या जातीचा, आणि हा खोल पाण्यातला, पिवळ्या परांचा. इथे याला यलोफिन ट्यूना म्हणतात. बोटीवरच्या काट्यावर २८ किलो भरला.

न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर पॉइंट प्लेझंट म्हणून गाव आहे. तिथल्या मनास्क्वान इनलेटमधून या बोटी सुटतात. आमची जवळजवळ शंभर फुटी होती, दोन इंजिनांची, खाली झोपायला फळ्या, मागे बर्फाच्या मोठमोठ्या पेट्या. तिकीट काढून येणारे आम्ही पंचवीसेक जण, वर तांडेल आणि खलाशी. दुपारी बाराला सुटलो. नैर्ऋत्येचा हलका वारा, लाट लांब आणि सुस्त. तरी एक तरुण पोरगा तासाभरात उलट्या करत कठड्याला लागला आणि संध्याकाळपर्यंत तिथेच होता. त्याच्यासाठी मला फार वाईट वाटलं. किती महिन्यांपासून या दिवसाची वाट बघत होता, ते चढताना सांगत होता.

जायचं होतं हडसन कॅनियनला, किनाऱ्यापासून दीडशे किलोमीटरच्या आसपास. विजयदुर्गापासून आंग्रिया बँक जेवढी आत, त्याहूनही पुढे. आंग्रियाला समुद्राखालून डोंगर वर येतो, इथे उलट जमीन फाटून खाली जाते. हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभर मीटरहून अधिक खाली होती. तेव्हा न्यूयॉर्कची हडसन नदी आज पाण्याखाली असलेल्या सपाटीवरून वाहत थेट कडेपर्यंत जात असे. त्या नदीचं जुनं खोरं अजून तळाला आहे, आणि जिथे सपाटी संपते तिथून ही प्रचंड घळ सुरू होते. काही ठिकाणी तिच्या भिंती एक किलोमीटरहून उंच आहेत. तांडेलाच्या केबिनमध्ये फिशफाइंडरच्या पडद्यावर मी ती कड बघितली. बराच वेळ पन्नास वावांच्या (वाव म्हणजे साधारण सहा फूट) आतबाहेर खेळणारी रेघ शंभर वावांवर गेली, आणि मग बघता बघता पडद्याच्या तळातून निघूनच गेली.

मासा तिथेच का, हे तांडेलाने फार छान समजावलं. दक्षिणेकडून गल्फ स्ट्रीमचा गरम प्रवाह वर येतो. त्याला वळणं पडतात, एखादं वळण मोठं होत होत तुटतं आणि गरम पाण्याचा शंभर-दोनशे किलोमीटरचा भोवरा सुटा होऊन प्रवाहाच्या उत्तरेकडून हळूहळू पश्चिमेला सरकतो. अशा भोवऱ्याची कड जेव्हा घळीच्या कडेला घासते, तेव्हा गार आणि गरम पाण्याच्या सीमेवर बारीक जीव गोळा होतात, त्यांच्यामागे माकूल (स्क्विड), माकुलांच्या मागे कुपा. निघण्याच्या आधी तांडेल उपग्रहाचे तापमानाचे नकाशे बघून ठेवतो. पण शेवटी डोळ्यांवरच चालतो. चार तास आमच्या बोटीखाली हिरवट पाणी होतं. मग एका ठिकाणी वाहून आलेल्या शेवाळाची लांबच लांब पट्टी दिसली आणि तिच्या पलीकडे पाणी निळंशार, वर पाकोळ्यांसारखे छोटे काळे पक्षी पाय भिजवत उडतायत. तांडेलाने इंजिनाचा वेग उतरवला. तुझे बाबा सांगायचे ना, "पाणी बघूक शीक, मासो आपसूक गावतलो." मला त्या क्षणी त्यांचाच आवाज ऐकू आला. डेकवर मी एकटाच असा असेन की ज्याला हे शिक्षण मालवणीतून मिळालं होतं.

सूर्य बुडायच्या बेताला बोट वाहत सोडली. नांगर नाही, एवढ्या खोलीत कुठला नांगर. मग खलाशांनी बाजूचे मोठे दिवे पाण्यावर लावले.

दिवे म्हटल्यावर तुझ्या कपाळावर आठी पडली असणार, आणि ती योग्यच आहे. एलईडी लावून पर्ससीनच्या घेरजाळ्याने अख्खा थवाच्या थवा उचलून नेणाऱ्यांशी तुम्ही किती वर्षं भांडताय, मला माहीत आहे. २०१७ ला केंद्राने बंदी आणली तरी रात्री क्षितिजावर उजेड दिसतो, असं तू मागच्या खेपेला सांगितलंस तेव्हा तुझा आवाज कापत होता. इथे दिव्याखाली जाळं नसतं. प्रत्येकाची एक दोरी, तिला एक गरी (गळाचा आकडा). माणशी दिवसाला तीन यलोफिन, त्याच्यावर एकही नाही, आणि २७ इंचांहून लहान असेल तर परत पाण्यात. बोटीकडे सरकारी परवाना, पकडलेला मासा आम्हाला विकता येत नाही. दिवा तोच, पण त्याच्या खाली काय सोडलंय यावर सगळं अवलंबून आहे. अर्थात आमची पोटं पगारावर चालतात, आणि तीन कुप्यांवर तुझ्या घरातलं डिझेलसुद्धा सुटणार नाही, हे मी विसरत नाही. म्हणून इथला नियम तिकडे लावा असं मी म्हणणार नाही. पण मर्यादा घालून दिली आणि ती खरोखर पाळून घेतली तर डेकवर तिच्याबद्दल कुणी कुरकुरत नाही, हे मात्र मी पाहिलं. मोजपट्टी काढताना खलाशाकडे कुणी विनवणी केली नाही.

दिव्याखाली अर्ध्या तासात माकुलं आली. आधी दोनचार, मग पाण्याचा रंगच तांबूस दिसायला लागला. जिग म्हणजे छोट्या काटेरी नकली आमिषावर ती पटापट वर येतात आणि जिवंत माकुलासारखं आमिष नाही. दुसरीकडे खलाशी बटरफिशचे तुकडे करत बसला होता. बोट वाहतेय त्या बाजूने तो चारपाच तुकडे टाकायचा, ते दिसेनासे झाले की पुढचे चारपाच. रात्रभर. ना कमी, ना जास्त. जास्त टाकले तर मासा खाली पोटभर खाऊन निघून जाईल, हात थांबला तर वाट तुटेल. एवढं एकसुरी काम इतक्या एकाग्रतेने करणारा माणूस मी फार कमी पाहिलाय.

आणि आता ती गोष्ट, जी तुला हातात घेऊन दाखवायला हवी होती. गरी त्या तुकड्याच्या आत पूर्ण लपवायची. मग रील मोकळा सोडून तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) हाताने ओढून ओढून पाण्यात द्यायचा, असा की पाण्यात कायम थोडा ढिला राहील. म्हणजे तुझा तुकडा बाकीच्या मोकळ्या तुकड्यांच्याच गतीने बुडत जातो. तंगूस जरा जरी ताणला गेला तर तुकडा क्षणभर अडकल्यासारखा होतो, आणि कुप्याचा डोळा एवढा तीक्ष्ण की तेवढं त्याला पुरतं. तो बाकीचे चार खाईल आणि तुझा सोडून देईल. म्हणून शेवटचे काही हात फ्लुरोकार्बन नावाच्या तंगुसाचे लावतात, तो पाण्यात कमी दिसतो. बोटांवरून वाव वाव तंगूस सुटत जातो आणि सगळं लक्ष त्या बोटांत येऊन बसतं. शेजारचे आजोबा, वय सत्तरीच्या पुढे, डोळे मिटून हे करत होते.

मध्यरात्रीपर्यंत कुणाला काही नाही. मागच्या बाजूला एका दोरीला प्रकाशकांडी आणि मोठं माकूल बांधून खोल सोडलं होतं, स्वोर्डफिशसाठी. हा मासा दिवसा शेकडो मीटर खाली गारठ्यात असतो, रात्री माकुलांच्या मागे वर येतो. त्याच्या डोळ्यांजवळच्या एका स्नायूचं काम फक्त उष्णता तयार करण्याचं. त्या उष्णतेने डोळे आणि मेंदू गरम राहतात, म्हणून त्या गार अंधारातही त्याला नीट दिसतं. एक लागला. तलवारीसकट लांब दिसला, पण तलवार मापात धरत नाहीत. खालच्या जबड्यापासून शेपटीच्या फाट्यापर्यंत ४७ इंच लागतात, हा कमी भरला. खलाशाने बोटीवर न घेता पाण्यातच गरी सोडवली. दिव्यात त्याची पाठ जांभळी चमकली आणि तो सरळ खाली गेला.

तीनच्या सुमाराला कुपे आले. आधी आजोबांचा रील किंचाळला, मग पुढे नाळीकडे दोघांचे, आणि मग माझ्या बोटांखालचा तंगूस अचानक वेगाने सुटायला लागला. इथे गरी गोल वाकवलेली असते, झटका द्यायचा नसतो. रील लावायचा आणि थांबायचं, मासा वळतो तेव्हा ती आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसते. बसली. दिगू, आपण जेटीवरून गरवायचो तेव्हा पालू लागला तरी हात भरून यायचा. हे काहीतरी निराळंच होतं. पहिल्याच धावेत किती दोरी गेली ते मी बघितलंच नाही, फक्त रीलचा आवाज ऐकत होतो. मग तो बोटीखाली गेला. मी कठड्याच्या कडेकडेने त्याच्यामागे चाललो, कुणाच्या रॉडखालून, कुणाच्या रॉडवरून, आणि प्रत्येक जण आपला मासा असूनही बाजूला होऊन वाट देत होता. अनोळखी माणसं, अंधार, ओला डेक, आणि एकमेकांच्या दोऱ्या अडकू नयेत म्हणून सगळ्यांची चाललेली धडपड. मला ती माणसं फार आवडली.

दमल्यावर कुपा बोटीखाली गोल गोल फिरायला लागतो. प्रत्येक फेरीत तो वर येताना थोडी दोरी मिळते, दूर जाताना नुसतं धरून राहायचं. कितीतरी फेऱ्या झाल्या. मग दिव्याच्या उजेडात खाली पितळी रंगाचं काहीतरी वळताना दिसलं, खलाशी "कलर!" म्हणून ओरडला आणि लांब दांड्याचा आकडा नेमका डोक्यात बसवून त्याने तो वर ओढला.

डेकवर त्याची शेपटी इतक्या वेगाने आपटत होती की नुसता घणघणाट. मी पाठीवर हात ठेवला, तर कोमट! पाण्यातून आलेला मासा आणि अंग कोमट. कुप्याच्या अंगात गरम आणि गार रक्ताच्या बारीक नळ्या एकमेकींना चिकटून जातात, त्यामुळे पोहून तयार झालेली उष्णता बाहेर न जाता आतच फिरते. हा मासा जन्मभर थांबत नाही. कल्ल्यांतून पाणी जात राहावं म्हणून त्याला सतत पोहावंच लागतं. आणि हीच उष्णता मेल्यावर त्याच्या मांसाचा नाश करते. झुंजीत अंग आणखी तापतं, आम्ल साठतं, आणि वेळेवर थंड केला नाही तर मांस फिकट, पाणचट होतं. म्हणून खलाशाने आधी छातीच्या परामागे दोन्ही बाजूंना आणि कल्ल्यांजवळ चीर दिली, रक्त वाहू दिलं, मग आतडी-कल्ले काढून बर्फ आणि खाऱ्या पाण्याच्या पेटीत पूर्ण बुडवला. हे सगळं त्याने इतक्या झपाट्याने आणि इतक्या मायेने केलं की मी बघतच राहिलो. पकडणं अर्धंच काम, हे त्याच्या हातांनी मला शिकवलं. आपल्याकडे कुपा उन्हात क्रेटमध्ये पडलेला असतो आणि मग त्याचा भाव सुरमईच्या पासंगालाही पुरत नाही म्हणून आपण त्यालाच नावं ठेवतो. बर्फाचा खर्च कोण देणार हा प्रश्न खरा आहे, तरी यावर तू नीट विचार कर असं मला मनापासून वाटतं.

आजोबांचा दुसरा मासा मुशीने (शार्कने) खाल्ला. वर आलं ते फक्त डोकं. ते म्हणाले, "तिचाही वाटा." आणि लगेच नवीन तुकडा लावायला घेतला.

उजाडल्यावर कुपे गेले. परतीच्या वाटेवर शेवंडींच्या पिंजऱ्यांचे तरंगते खांब लागतात, त्यांच्या सावलीत माही-माही नावाचे रंगीत मासे असतात. दोनचार मिळाले. पाण्यात हिरवा, सोनेरी, निळा, आणि डेकवर मरता मरता मिनिटभरात राखाडी. ते बघायला मला अजिबात आवडलं नाही.

घरी मासा कापताना मधलं काळं मांस वेगळं काढलं. इथले लोक ते टाकतात. मी तिरफळं आणि आमसूल घालून त्याचं सुकं केलं, उरलेल्या तुकड्यांचं तिखलं. मंजिरी एरवी कुपा म्हटलं की नाक मुरडते, तिने दुसऱ्या दिवशी विचारून घेतलं, अजून आहे का म्हणून. शेजारच्या तीन घरांत वाटा गेला.

आता तुझ्याकडून मला दोन गोष्टी हव्या आहेत. आंग्रियाच्या बाजूला तुमच्या बोटी जातात तेव्हा मोठा कुपा कुठल्या महिन्यात दिसतो, ते बाबांना विचारून कळव. मी डिसेंबरच्या शेवटी येतोय. येताना गोल गऱ्या आणि फ्लुरोकार्बनची दोन रिळं आणतो, हातदोरीला किती नंबरची गरी बसेल ते लिही, म्हणजे त्या मापाच्या घेतो. आणि बोटीवर बर्फ नेहमीपेक्षा दुप्पट भरून ठेव, त्याचे पैसे माझे.

बाबांना आणि वहिनींना नमस्कार. पोरीची दहावी आहे ना यंदा, तिला सांग काकाने विचारलंय.

तुझा,
अवि