फ्लॅटचं काम, डक्टमधला बिडाचा पाइप आणि दिवाळीनंतरचं वेळापत्रक

प्रति,
मा. अध्यक्ष,
सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित,
रत्नागिरी.

विषय : फ्लॅटच्या अंतर्गत कामास परवानगी आणि त्याच वेळी सामाईक सॉइल लाइन (संडासाचं सांडपाणी नेणारा पाइप) बदलण्याबाबत.

अध्यक्षसाहेब, स. न.

दिवाळीनंतर आमच्या फ्लॅटचं काम काढायचं आहे, हे मागे मीटिंगमध्ये तोंडी बोललो होतो. दोन्ही बाथरूम, स्वयंपाकघराचा ओटा, पश्चिमेच्या खिडक्या आणि शेवटी रंग, एवढंच काम आहे. एकही भिंत पाडायची नाही आणि बीम-कॉलमला हात लावायचा नाही. नेहमीचा फॉर्म भरून सोबत जोडला आहे. हे पत्र त्या फॉर्मात न मावणाऱ्या गोष्टींसाठी.

पहिली आणि खरी गोष्ट पाइपची. आमच्या बाथरूममागच्या डक्टमधून, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीतून, बिडाचा सॉइल पाइप खाली जातो. सगळ्या मजल्यांचं सांडपाणी त्यातूनच जातं. डक्टच्या छोट्या खिडकीतून टॉर्च मारून पाहिलात तर जोडांपाशी गंजाचे पापुद्रे सुटलेले आणि खाली भिंतीवर काळपट ओघळ आलेले दिसतील. खालच्या काकांच्या बाथरूमच्या छताला ओल येते, ती आमच्या नहाणीची की त्या पाइपची, हा वाद दर पावसाळ्यात होतो. माझ्या मते दोन्हींचा त्यात वाटा आहे. नहाणीचं मी माझ्या खर्चाने करतोच आहे: जुना कोबा काढून, वॉटरप्रूफिंग करून, नवा ट्रॅप (वास अडवणारा पाण्याचा सांधा) बसवणार. टाइल्स लावण्याआधी ४८ तास पाणी भरून ठेवणार आणि त्या वेळी खालच्या काकांनी नि कमिटीतल्या कुणीतरी छत बघून जावं. पण डक्टमधली लाइन सामाईक आहे, आणि आदर्श उपविधींमध्ये सामाईक ड्रेनेज लाइन व तिच्यामुळे होणारी गळती सोसायटीच्या खर्चात येते. माझी भिंत उघडी असेल त्याच आठवड्यात पूर्ण उभी लाइन पीव्हीसीची करून घ्यावी, ही माझी विनंती. सगळी एकदम जमत नसेल तर निदान आमच्या आणि खालच्या मजल्यातला तुकडा तरी बदलू. नाहीतर मी नव्या टाइल्स लावायच्या आणि दोन वर्षांनी जोड सुटला की त्याच पुन्हा फोडायच्या. तेव्हा पैसे कुणी द्यायचे, यावर जनरल बॉडीत आणखी एक संध्याकाळ जाणार.

दुसरं, फोडकाम छिन्नी-हातोड्यानेच होईल. ब्रेकर मशिन लावू देणार नाही, असं कॉन्ट्रॅक्टरला आधीच सांगितलं आहे. मजुरी वाढेल, वाढू दे. समुद्राच्या खाऱ्या हवेने आपल्या स्लॅबमधल्या सळ्या आधीच गंजायला लागल्यात. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून काँक्रीट आतून फुटून पोपडे पडतात. पार्किंगमध्ये दोन-तीन ठिकाणी सळी उघडी पडलेली आपण सगळेच बघतो. त्यावर ब्रेकरचे हादरे नकोत. याच कारणाने खाडीतली रेती वापरायची नाही असंही ठरवलं आहे. मिठाची रेती आली की गिलाव्यावर पांढरं फुटतं आणि आतल्या लोखंडाचंही वाटोळं होतं. पिशवीतली क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली रेती, आणणार आहे. हा नियम सगळ्याच सभासदांना लावायला हरकत नाही, असं मला वाटतं.

खिडक्यांचं काम बाहेरून दिसेल, म्हणून सांगतो. ग्रिल आणि बाहेरचा रंग आता आहे तसाच राहील. बदल एवढाच की खिडकीखालच्या कडप्प्याला बाहेरच्या बाजूला उतार देऊन ट्रॅकची पाणी जायची भोकं मोकळी ठेवायची. सध्या जुलैत पश्चिमेची झड लागली की पाणी ट्रॅकमध्ये साठून हॉलमध्ये येतं आणि सोफा ओढून आम्ही टॉवेल अंथरतो.

आता वेळापत्रक. सगळं फोडकाम डिसेंबरअखेर संपवायचं आहे. फेब्रुवारीत बारावीची आणि पाठोपाठ दहावीची परीक्षा, आणि आपल्या विंगमध्ये यंदा बारावीची मुलं आहेत. जानेवारीत उरलेल्या टाइल्स आणि ओटा होईल. त्यानंतर सुतार आणि रंगारी, त्यांचा आवाज कमी. शिमग्याआधी सगळं आटपायचं. पालखी दारात येईल तेव्हा जिन्यात सिमेंटची गोणी नको, आणि आंब्याच्या पेट्या पार्किंगमध्ये यायला लागल्या की तिथे टेम्पो लावायला जागाही राहत नाही. मार्चनंतर पाण्याची ओढ सुरू होते, हे वेगळं सांगायला नको. गिलाव्यावर नि कोब्यावर आठवडाभर तरी पाणी मारावं लागतं. ते सोसायटीच्या टाकीतून न घेता टँकर मागवून माझ्या पिंपात भरून घेईन. ठोकठाक सकाळी दहा ते एक आणि चार ते सहा; रविवारी बंद. नव्या जोडणीसाठी वरच्या टाकीचा कॉक बंद करावा लागेल, तेव्हा आदल्या दिवशी ग्रुपवर आणि बोर्डवर कळवेन.

राडारोड्याबद्दल मला जरा कडक बोलायचं आहे. आपल्याकडे टेम्पोवाला रात्री खाडीकाठी किंवा सड्यावर जाऊन गाडी रिकामी करतो आणि आपण विचारत नाही. २०१६ च्या बांधकाम आणि पाडकाम कचऱ्याच्या नियमांनी ही जबाबदारी ज्याच्या कामातून कचरा निघाला त्याच्यावर टाकली, म्हणजे इथे माझ्यावर. म्हणून मलबा गोणीत भरून दोन दिवसांच्या आत खाली उतरवणार आणि नगरपरिषद सांगेल त्याच जागी टाकणार. जाण्या-येण्याच्या फेऱ्यांची पावती वॉचमनकडे ठेवेन. लिफ्टमध्ये मलबा अजिबात नाही. टाइल्सच्या पेट्या मात्र न्याव्या लागतील. एका वेळी थोड्याच, आणि आत प्लायवूड व गोणपाट लावून. लिफ्टचा सेन्सर बंद पडला तर दुरुस्ती माझ्या माथी, हे मान्य.

कामगारांची नावं आणि ओळखपत्रांच्या प्रती वॉचमनकडे देईन. एक बाथरूम पूर्ण झाल्यावरच दुसरं फोडणार, म्हणजे त्यांना आमचंच वापरता येईल आणि खालच्या पार्किंगमधल्या टॉयलेटवरून कुरबूर होणार नाही.

डिपॉझिट भरायला माझी ना नाही. ते कोणत्या कारणाने आणि किती कापलं जाईल, एवढं परवानगीपत्रात लिहून द्यावं. आणि काम सुरू व्हायच्या आधी खालच्या, वरच्या आणि शेजारच्या घरांच्या भिंती-छतांचे फोटो कमिटीच्या समक्ष काढून ठेवावेत. म्हणजे जुनी तडा कोणती आणि माझ्या कामाने पडलेली कोणती, यावर नंतर वाद नको.

सामाईक लाइनचा निर्णय या महिन्याच्या मीटिंगमध्ये व्हावा आणि डक्ट पाहायला केव्हा यायचं ती तारीख कळवावी, म्हणजे त्या दिवशी प्लंबरला बोलावून ठेवतो. एकदा दिवाळी उलटली की तो दोन-दोन साइट्स पकडतो आणि फोनही उचलत नाही.

कळावे,
आपला,
एक सभासद, बी विंग, दुसरा मजला

सोबत : परवानगी अर्ज, कामाचा नकाशा, डक्टचे फोटो.