अर्थमंत्र्यांना खुले पत्र: महिला बँक विलीन झाली, तिचं काम कुणाकडे गेलं?

मा. केंद्रीय अर्थमंत्री यांस,
सविनय नमस्कार.

खास महिलांसाठी सरकारने काढलेली भारतीय महिला बँक १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँकेत विलीन झाली. तेव्हा सरकारने सांगितलं होतं, की या बँकेने तीन वर्षांत महिलांना १९२ कोटींचं कर्ज दिलं, तर स्टेट बँक समूहाने सुमारे ४६ हजार कोटींचं. तीन वर्षांच्या नातीला पणजीशेजारी उभं करून उंची मोजावी, तसा हा हिशेब. पण विलीनीकरण मागे घ्या असं मी म्हणत नाही. त्या बँकेचंही चुकलंच. २०१३ च्या अर्थसंकल्पात तिच्यासाठी हजार कोटींचं भांडवल जाहीर झालं, त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला मुंबईत उद्घाटन झालं आणि शाखा उघडली ती नरिमन पॉइंटला! ज्या बाईला पन्नास हजारांसाठी सावकाराचं दार ठोठावावं लागतं, ती तिकडे कशाला फिरकेल?

तरी एक गोष्ट त्या बँकेला नेमकी कळली होती. पाळणाघर, घरगुती जेवणाचा व्यवसाय, ब्युटी पार्लर यांसाठी तिने वेगळ्या कर्जयोजना आणल्या. घरात बसून बाई जे करते तो धंदाच आहे, हे एका सरकारी बँकेने कागदावर मान्य केलं.

मी बचत गटांत काम करते. गटाचं कर्ज आता बऱ्यापैकी मिळतं. अडतं ते बाई एकटी गेली की. सातबाऱ्यावर नाव नाही, घर सासऱ्यांचं, म्हणून तारण नाही. तारण लागत नसलेल्या योजनेचं नाव घेतलं, तरी 'मिस्टरांना घेऊन या' असं सांगतात. अर्ज नाकारला असं कुणी लिहून देत नाही, कारण मुळात तो घेतलेलाच नसतो. उलटही घडतं: कर्ज बाईच्या नावावर, पैसा नवऱ्याच्या हातात आणि हप्ता चुकला की वसुलीवाला तिच्या दारात. ४६ हजार कोटींत अशी किती प्रकरणं असतील?

आमच्या माण तालुक्यात म्हसवडच्या बायकांनी बँकेचा परवाना मागितला, तेव्हा सभासद अंगठेबहाद्दर म्हणून रिझर्व्ह बँकेने तो नाकारला. त्या लिहा-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. शाखेत यायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, हे ओळखून तिथे बाजारात, दारात जाऊन पैसे गोळा करायला सुरुवात झाली. महिलांची बँक म्हणतात ती ही. फलकाचा रंग कोणता का असेना.

म्हणून मागणी फार मोठी नाही. प्रत्येक सरकारी बँकेने शाखानिहाय जाहीर करावं: एकट्या महिलेच्या नावाने किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती नाकारले आणि कोणत्या कारणाने. तोंडी विचारणाही नोंदवून तिची पावती द्यावी. पतीची सही नियमाने लागत नसेल तिथे ती मागणाऱ्या शाखाधिकाऱ्याकडून लेखी खुलासा घ्यावा. आणि स्टेट बँकेने सांगावं, की महिला बँकेच्या त्या तीन योजनांतून विलीनीकरणानंतर किती जणींना कर्ज मिळालं.

उत्तर मराठीत आलं तर गटाच्या बैठकीत सरळ वाचून दाखवता येईल.

आपली,
बचत गटाची एक कार्यकर्ती, जि. सातारा