चि. मृणालला, जळगावच्या पदवीबद्दल

चोपडा

चि. मृणाल हिस, अनेक आशीर्वाद.

परवा जर्मनीत मास्टर करायचा विषय निघाला तेव्हा तू विचारलंस, "पप्पा, आपल्या जळगावच्या बी.एस्सी.ला बाहेर कोण विचारतं?" हा विषय फोनवर आटोपण्यासारखा नाही, म्हणून लिहितो.

आधी घरातलंच सांगतो. मी पदवीधर झालो तेव्हा खान्देशातली महाविद्यालयं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. १५ ऑगस्ट १९९० ला जळगावला आपलं विद्यापीठ झालं. तुझी आत्या माझ्यामागून त्याच कॉलेजात, त्याच सरांच्या हाताखाली शिकली. टायट्रेशन करायला ब्युरेटसुद्धा त्याच. माझ्या पदवीवर पुणे, तिच्या पदवीवर जळगाव. तरी सोयरिकीच्या बैठकीत माझा कागद भारी ठरायचा! विद्यापीठाच्या नावावरून दर्जा ठरवणाऱ्यांचा मला तेव्हापासून राग आहे.

मग मोजायचं कशावर? कापसाचं बघ. हमीभाव केंद्रावर कापूस चोपड्याचा की धरणगावचा हे कोणी विचारत नाही. धाग्याची लांबी, मायक्रोनेअर म्हणजे धाग्याचा बारीकपणा, आणि ओलावा बघतात. पदवीचंही असंच वर्णन करता येतं, आणि जगात ते चाललंय. १९९९ मध्ये बोलोन्याला युरोपातले २९ देश एकत्र आले आणि २००५ मध्ये त्यांनी पदव्यांची सामाईक चौकट मान्य केली. पास होणाऱ्याला विषय किती कळतो, तो वापरता येतो का, पुरावा बघून मत बनवता येतं का, दुसऱ्याला समजावता येतं का आणि पुढचं स्वतःहून शिकता येतं का, या पाच अंगांनी तिथे पदवीचं वर्णन करतात. मला ही फार मोलाची गोष्ट वाटते. आपल्याकडे अजूनही "किती टक्के?" इथेच बोलणं संपतं.

आता तुझ्या कामाचा हिशेब. आपल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाला ४० क्रेडिट, आणि एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचं शिकणं. वर्षाचे १२०० तास. युरोपात वर्षाला ६० क्रेडिट, पण त्यांचं एक क्रेडिट २५ ते ३० तासांचं, घरचा अभ्यास धरून. म्हणजे १५०० ते १८०० तास. तीन वर्षांचे आपले ३६०० आणि त्यांचे ४५०० ते ५४००. म्हणून तीन वर्षांच्या क्रेडिटचे १२० आणि १८० हे आकडे शेजारी मांडून तू "दीडपट" म्हणालीस, ते पुरतं खरं नाही. फरक सव्वापट ते दीडपट. तो आहे, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. जर्मनीत मास्टर होईपर्यंत सगळे मिळून ३०० युरोपीय क्रेडिट लागतात, त्यामुळे तिथली विद्यापीठं तुझा पाया विषयवार तपासतील. चौथं वर्ष करावंस असं मला वाटतं ते याचसाठी. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के असतील तर त्या वर्षी संशोधनाचा प्रकल्प घेता येतो.

पदव्यांच्या चौकटीत प्रत्येक पदवीला पायरीचा आकडा असतो, त्याने फसू नकोस. युरोपात बॅचलर सहाव्या पायरीवर. आपल्याकडे तीन वर्षांची पदवी साडेपाचवर आणि चार वर्षांची सहावर. पण दोन्ही शिड्या वेगळ्या आहेत, त्यामुळे इथला सहा म्हणजे तिथला सहा असं कोणी आपोआप धरत नाही.

गुणांचंही तसंच. जर्मनीत १ सर्वोत्तम आणि ४ म्हणजे जेमतेम पास. बाहेरचे गुण जर्मन गुणांत बदलणाऱ्या बव्हेरियन सूत्राने, दहापैकी ४ ला पास धरलं तर तुझा ८ सीजीपीए, म्हणजे सगळ्या सत्रांची सरासरी, २.० होतो. सूत्राला आकडा दिसतो, पेपर किती अवघड होता ते दिसत नाही. अनाबिन या परदेशी संस्थांच्या जर्मन यादीत संस्थेपुढे 'एच प्लस' असतं, त्याचा अर्थ मान्यता आहे, एवढाच. जर्मनीला शिकायला जाताना लागणारं एपीएस प्रमाणपत्र कागदपत्रं खरी आहेत का ते बघतं. मान्यता एक आणि गुणवत्ता दुसरी. एजंट लोक या दोन्हींची मुद्दाम गल्लत करतात, त्यांचं ऐकू नकोस.

आणि मृणाल, एक गोष्ट कुठल्याच चौकटीला पकडता येत नाही. जर्नल उतरवून सही घेणारी मुलं मी वर्षानुवर्षं बघितली. त्यांनाही तेवढीच क्रेडिट मिळाली. अभ्यासक्रमात "विद्यार्थी प्रयोगाची आखणी करू शकेल" असं छापलेलं असतं. ते तुझ्या बाबतीत खरं आहे का, हे तुलाच ठाऊक. मागच्या सुट्टीत तू मला विहिरीच्या पाण्याचा जडपणा काढून दाखवलास, उत्तर जुळलं नाही तर इंडिकेटर बदलून परत केलंस. ते माझ्या लेखी तुझ्या ८ सीजीपीएपेक्षा मोठं आहे.

कानबाईच्या सणाला, रोटांना येशील तेव्हा तिन्ही वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या शिक्क्याच्या प्रती विद्यापीठातून घेऊन ये, नंतर मागायला गेलं की हेलपाटे होतात. प्रॅक्टिकलचे तास विषयवार वेगळे काढायचे आहेत. आई म्हणते, डबा रिकामा आण.

तुझे,
पप्पा